अडलात कुठे, ते आधी ओळखा : ‘सिम्फनी ऑफ द नाईट’ आतून कसा चालतो

‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाईट’ हा व्हिडिओ गेम खेळायला घेतलेला माणूस पहिल्या दोन-तीन तासांत एकदा तरी हमखास अडतो. समोर लोखंडी जाळी असते, पलीकडे वाट दिसत असते, पण जाता येत नाही. मग त्याला वाटतं, आपली लेव्हल कमी पडतेय. तो मागे फिरतो, त्याच त्या सांगाड्यांना तासभर झोडपतो, चार-पाच लेव्हल वाढवून परत जाळीपाशी येतो. जाळी जिथल्या तिथे. लेव्हलचा आणि जाळीचा काही संबंधच नसतो.

हा गेम कळायला एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली पाहिजे. इथे नायकाची वाढ दोन वेगळ्या वह्यांत मांडलेली असते. पहिल्या वहीत आकडे : लेव्हल, ताकद, संरक्षण, शस्त्रं, चिलखतं. दुसऱ्या वहीत हालचाली : हवेत दुसरी उडी मारणं, धुकं होऊन जाळीतून झिरपणं, वटवाघूळ होऊन उडणं. शत्रू पहिल्या वहीचा हिशेब मागतात. भिंती, खड्डे, दारं दुसऱ्या वहीचा. एकीतली शिल्लक दुसरीत वळती करता येत नाही. त्यामुळे अडलात की पहिला प्रश्न ‘आता कुठे जाऊ’ हा नाही, तर ‘मला अडवलंय कोणी, शत्रूने की वाटेने’ हा.

या प्रकाराला ॲक्शन-प्लॅटफॉर्म म्हणतात, आणि त्यात रोल-प्लेइंगचे, म्हणजे आरपीजीचे गुण मिसळलेले असतात. प्लॅटफॉर्म म्हणजे उड्या मारत, कठड्यांवरून पुढे जाणं. ॲक्शन म्हणजे वार कधी करायचा आणि कधी मागे सरायचं हे बोटांच्या वेळेवर ठरणं. आरपीजी म्हणजे त्या बोटांच्या मागे चालणारा आकड्यांचा हिशेब. व्याख्या इतकीच. ही तीन चाकं एकमेकांत कशी अडकवली आहेत, हे बघण्यात खरी गंमत आहे.

थोडी पूर्वपीठिका

कोनामी कंपनीचा पहिला ‘कॅसलव्हेनिया’ १९८६ मध्ये जपानात आला. हातात चाबूक घेतलेला शिकारी, एकापुढे एक टप्पे, शेवटी ड्रॅक्युला. टप्पा पार केला की मागे वळायचं कारण नाही. गेम अवघड होते. ज्याचा हात बसलेला असे तो भराभर संपवून मोकळा होई, आणि ज्याचा बसला नाही तो तिसऱ्या टप्प्यावर कायमचा लटकलेला.

२० मार्च १९९७ ला जपानात प्लेस्टेशनवर आलेल्या ‘सिम्फनी’ने ही घडी मोडली. दिग्दर्शक तोरू हागिहारा. कोजी इगाराशी सहायक दिग्दर्शक होते, आणि पुढे या मालिकेची ओळख त्यांच्याच नावाशी जोडली गेली. संगीत मिचिरू यामाने यांचं, पात्रांची चित्रं आयामी कोजिमा यांची. टप्पे जाऊन त्यांच्या जागी एक सलग, अवाढव्य किल्ला आला आणि चाबकाच्या जागी शेकडो वस्तूंनी भरलेली पिशवी. शत्रूला मारलं की अनुभव मिळतो, अनुभव साठला की लेव्हल वाढते, त्यामुळे हाताने थोडा कमी असलेला माणूसही धीराने खेळून शेवट गाठू शकतो. अशा खेळांना आज ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणतात. ‘मेट्रॉइड’ हा निन्टेन्डोचा १९८६ चाच गेम. दोन्ही नावं जोडून हा शब्द झाला.

नायक ॲलुकार्ड, ड्रॅक्युलाचा मुलगा. रोमन अक्षरात ड्रॅक्युला उलटा लिहिला की ॲलुकार्ड होतं. हे उलटं लिहिणं लक्षात ठेवा, पुढे किल्ल्याचंही तेच होणार आहे.

आकड्यांची वही

पडद्यावर तीन टाक्या असतात आणि नवा माणूस त्यांतल्या एकीबाबत हटकून फसतो. एचपी म्हणजे जीव. एमपी म्हणजे जादूची शक्ती, ती काही न करता आपोआप हळूहळू भरते. आणि तिसरी हृदयांची. मेणबत्त्या फोडल्या की लाल हृदयं पडतात. ती उचलली की जीव भरेल असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. इथे हृदय म्हणजे दारूगोळा. वरचं बटण दाबून वार केला की जे बाजूचं शस्त्र सुटतं, त्याची किंमत हृदयांत मोजली जाते. खंजिराला १, पवित्र पाण्याला ३, कुऱ्हाडीला ४, घड्याळ थांबवायला २०, आणि सगळा पडदा उजळून टाकणाऱ्या क्रॉसला तब्बल १००. सुरुवातीला १०० हृदयं साठवायची कुवतच नसते, म्हणून क्रॉस हाती लागला तरी तो मिरवण्यापुरता. बाजूचं शस्त्र एका वेळी एकच ठेवता येतं. नवं उचललं की जुनं खाली पडतं, लगेच उचललं तर परत मिळतं.

या बाजूच्या शस्त्रांत एकाचं नाव ‘विभूती’ आहे. होय, तीच. चिमूटभर भस्म पुढे फेकायचं, ते जमिनीवर पसरतं आणि त्यात पाय ठेवणाऱ्या शत्रूला भाजत राहतं. किंमत ३ हृदयं. युरोपातल्या किल्ल्यात, जपानी लोकांनी बनवलेल्या गेममध्ये ही कशी पोचली ते असो. अरुंद बोळात जमिनीलगत येणाऱ्या शत्रूंवर मात्र ती चांगली चालते.

ॲलुकार्डचे चार मूळ गुण : एसटीआर म्हणजे ताकद, सीओएन म्हणजे तग, आयएनटी म्हणजे बुद्धी, एलसीके म्हणजे नशीब. ताकदीने वार जड होतो, तगेने संरक्षण वाढतं, बुद्धी जादूला आणि बाजूच्या शस्त्रांना बळ देते, नशिबाने ठसठशीत वार, म्हणजे नेहमीपेक्षा जड बसणारे, जास्त बसतात आणि शत्रूंकडून दुर्मीळ वस्तू पडायची शक्यता वाढते. लेव्हल वाढली की हे आपोआप वाढतात, कुठे काय घालायचं ते आपण ठरवायचं नसतं. आपल्या हातात असतं ते अंगावर काय चढवायचं एवढंच : दोन हात, डोकं, अंग, झगा आणि दोन दागिने. दोन्ही हातांनी धरायचं शस्त्र घेतलं की ढालीला जागा उरत नाही.

आता संरक्षणाचा हिशेब. नेमकं सूत्र बरंच गुंतागुंतीचं आहे, पण त्याचा स्वभाव वजाबाकीचा आहे : शत्रूच्या वारातून तुमचं संरक्षण वजा होतं, आणि उरतं ते निदान १. वजाबाकीचा परिणाम काय होतो बघा. समजा एखाद्याचा वार ३० चा आहे आणि तुमचं संरक्षण १० आहे, तर ढोबळमानाने २० गेले. तेच संरक्षण २५ वर नेलं तर फक्त ५ गेले. चिलखत बदलून १५ आकडे वाढले आणि मार चौपटीने घटला. म्हणूनच या गेममध्ये चार लेव्हल वाढवण्यापेक्षा एक बरं चिलखत सापडणं जास्त मोलाचं ठरतं. आणि म्हणूनच शेवटी शेवटी किल्ला फार सोपा होतो : चांगला नटलेला ॲलुकार्ड साध्या शत्रूंच्या गर्दीतून जातो आणि प्रत्येक धक्क्याला एकेक आकडा गमावतो. गेममधला तोल इथे ढळलेला आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

लेव्हल वाढवत बसण्यात अर्थ नाही याचं दुसरं कारण अनुभवाच्या हिशेबात आहे. शत्रूलाही लेव्हल असते. तुमची त्याच्याहून जास्त झाली की त्याच्याकडून मिळणारा अनुभव झपाट्याने आटतो, आणि थोड्याच अंतरात १ वर येऊन टेकतो. दारापाशीचे सांगाडे मारून कुणी ५० व्या लेव्हलला जात नाही. गेम सांगतोय की पुढे जा, तिथे जास्त मिळेल. तो सल्ला ऐकावा.

शस्त्र निवडताना मेनूतला मोठा आकडा बघून भुलू नका. शस्त्र किती लांब पोचतं, किती भराभर फिरतं आणि कोणत्या जातीचं आहे, हे तितकंच महत्त्वाचं. जात म्हणजे कापणारं, ठोकणारं, पवित्र, आग, बर्फ, वीज वगैरे. काही शत्रूंना एखादी जात जास्त लागते, काहींना अर्धीच, काहींना अजिबात नाही, आणि काही तर तो मार पिऊन जीव भरून घेतात. चांगली तलवार असून शत्रूवर अगदी किरकोळ आकडे उडत असतील, तर दोष लेव्हलचा नसतो. शस्त्राची जात बदलून बघा. मेनू उघडला की खेळ थांबतो, बॉसशी, म्हणजे एखाद्या भागाच्या बड्या शत्रूशी, लढतानाही. भर लढाईत तलवार, ढाल, अंगठी बदलायला काही मोजावं लागत नाही, तरी नवे लोक ते करत नाहीत.

गेममधली सर्वांत नावाजलेली तलवार क्रिसेग्रिम. ती एका दाबात भराभर अनेक वार करते आणि मुख्य म्हणजे ती चालवताना चालता येतं. इतर बहुतेक तलवारींनी वार करताना पाय जागीच खिळतात. ती उलट्या किल्ल्यातल्या फॉरबिडन लायब्ररीत, श्मू नावाच्या एका पांढऱ्या हसऱ्या भुताकडून पडते, तीही क्वचित. इथे नशिबाचा आकडा कामी येतो, आणि ‘रिंग ऑफ आर्काना’ नावाची अंगठी दुर्मीळ वस्तू पडण्याची शक्यता वाढवते.

नशिबावरून एक गंमत. गेममध्ये ॲलुकार्डच्या घराण्याची तलवार, ढाल आणि चिलखत आहे, तशीच ‘ॲलुकार्ट’ नावाची नक्कलही आहे. एका अक्षराचा फरक, अगदी बाजारात मोठ्या ब्रँडच्या नावात एक अक्षर बदलून बूट विकतात तसा. लढायला हा माल टाकाऊ. पण तिन्ही नकली वस्तू एकत्र अंगावर चढवल्या की नशीब ३० ने वाढतं. दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागलेले खेळाडू म्हणूनच हा कचरा फेकत नाहीत.

जेवायचं कसं

हे वेगळं सांगावं लागतं, कारण इथे जेवण ही सरळ गोष्ट नाही. ॲलुकार्डकडे सापडलेलं अन्न मेनूतून ‘खा’ म्हणून खाता येत नाही. आधी ते एखाद्या हातात, तलवारीच्या जागी धरायचं. मेनू बंद करायचा. मग त्या हाताचं वाराचं बटण दाबायचं. पदार्थ पुढे जमिनीवर पडतो. मग पुढे जाऊन त्याला शिवायचं, की जीव भरतो. कठड्याच्या टोकाला उभं राहून हे केलं तर जेवण खाली दरीत. आणि खाऊन झाल्यावर हातात तलवार परत घ्यायला विसरलात तर पुढच्या शत्रूला नुसत्या मुठीने मारत बसाल. म्हणून एका हातात तलवार कायम ठेवावी, जेवण दुसऱ्या हाताने.

पदार्थांत सुशी आहे, पिझ्झा आहे, करी-राईस आहे. सगळ्यांत तापदायक शेंगदाणे. ते खाली पडत नाहीत, वर उडतात, आणि बरोबर वेळ साधून तोंडात झेलावे लागतात. नाही जमलं तर गेले. कट्ट्यावर बसून हवेत दाणा उडवून खायची ज्याला सवय आहे, त्याला हे जास्त समजेल. जीव वाचवण्यासाठी मात्र त्यांच्या भरवशावर राहू नये.

हालचालींची वही

गेम सुरू होतो तेव्हा ॲलुकार्ड उत्तम शस्त्रं घालून येतो. थोड्याच वेळात खुद्द मृत्यू, म्हणजे डेथ, भेटतो आणि सगळं काढून घेतो. नेहमीच्या खेळात हे टळत नाही, म्हणून हळहळू नका. हा सगळा माल फार पुढे, उलट्या किल्ल्यात परत मिळतो. तिथून खरा खेळ सुरू.

आता अडथळ्यांची ओळख. निळं दार दिसलं की ते ‘ज्युएल ऑफ ओपन’ने उघडतं. ही वस्तू लाँग लायब्ररीत बसलेल्या ग्रंथपालाकडे ५०० सोन्याला विकत मिळते. त्याच्याकडे पोचल्यावर पहिले पैसे औषधांवर उडवू नका, आधी ही घ्या. पैसे कमी पडले तर लक्षात ठेवा की तो तुमच्याकडून फक्त रत्नं विकत घेतो, जुन्या तलवारी आणि चिलखतं नाही. पुढे ‘ज्युएल स्वोर्ड’ नावाची एक तलवार मिळते, तिने मारलेले शत्रू कधीकधी रत्नं होऊन पडतात. ती किल्ल्याच्या दारापाशीच एका गुप्त खोलीत आहे, पण ती खोली उघडायला वटवाघूळ आणि लांडगा अशी दोन्ही रूपं दाखवावी लागतात. म्हणजे सुरुवातीची खोली, पण उघडते बरीच उशिरा.

हात पोचेना इतका उंच कठडा दिसला तर ‘लीप स्टोन’ हवा, म्हणजे हवेत दुसरी उडी. तो कॅसल कीपमध्ये मिळतो आणि तिथे रॉयल चॅपेलच्या लांबलचक जिन्यांवरून जायचं. त्याहून उंच असेल तर ‘ग्रॅव्हिटी बूट्स’ : खाली, वर दाबून उडी, की ॲलुकार्ड बाणासारखा छताला जाऊन धडकतो. लोखंडी जाळी असेल तर धुक्याचं रूप, ‘फॉर्म ऑफ मिस्ट’, जे कोलोझियममध्ये मिळतं. पाणी असेल तर ते वाट अडवत नाही, पण त्यात उभं राहिलात की जीव गळत राहतो, जोवर ‘होली सिंबल’ मिळत नाही. काट्यांनी भरलेला बोळ असेल तर ‘स्पाइक ब्रेकर’ चिलखत. आणि पडदा पूर्ण काळा झाला तर ‘एको ऑफ बॅट’.

गेम किल्ल्याचा नकाशा स्वतः काढत जातो. लाल चौकोन म्हणजे सेव्ह करायची खोली, पिवळा म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पोचवणारी. पण नकाशा हे लिहून ठेवत नाही की कुठे काय पाहून परत फिरलात. ते कागदावर लिहा. ‘लायब्ररी, डावीकडे, जाळी’ एवढं तीन शब्दांचं टिपण दोन तास वाचवतं. पुढे धुकं मिळालं की लगेच कळतं कुठे परत जायचं.

कारण इथे प्रत्येक चावी पुढच्या चावीचं दार उघडते. उडणारं रूप, ‘सोल ऑफ बॅट’, लायब्ररीत एका जाळीपलीकडे आहे. म्हणजे आधी कोलोझियमला जाऊन धुकं मिळवायचं, मग लायब्ररीत परत. आणि वटवाघूळ झाल्यावर सगळी गोष्ट बदलते. कालपर्यंत जो किल्ला उड्या-उड्यांनी चढलात, तो आता उभ्याने मोकळा आहे. जुन्याच खोल्यांत छताजवळचे कोनाडे दिसायला लागतात. गेम तुम्हाला परत त्याच वाटांनी पाठवतो पण कंटाळा येऊ देत नाही, तो यामुळे.

अंधारातला बोळ

या साखळीतली एक कडी जवळून बघण्यासारखी आहे, कारण निम्म्या लोकांचा गेम इथेच अपुरा राहतो.

ओलरॉक्स क्वार्टर्समध्ये ‘एको ऑफ बॅट’ मिळतो. याचा उपयोग कळत नाही, कारण उजेडात वटवाघळाने आवाजाच्या लाटा सोडून काय साधायचं? उत्तर खूप खाली, कॅटाकूम्समध्ये. तिथे एक बोळ आहे, पूर्ण काळा. चालत गेलात तर सगळीकडून काटे टोचतात आणि काही दिसत नाही. इथे असं करा. बोळाच्या तोंडाशी थांबा आणि एमपी पूर्ण भरू द्या. वटवाघूळ राहायला सतत एमपी लागतो आणि मध्येच संपला तर काट्यांवर माणूस होऊन कोसळाल. मग रूप घ्या आणि एक लाट सोडा. क्षणभर भिंती आणि काटे उजळतात. तेवढ्यात पुढची मोकळी जागा डोळ्यांत ठेवा, तिथवर हळू उडा, थांबा, पुन्हा लाट. घाई केली की काटा लागतो, आणि मार बसला की वटवाघळाचं रूप सुटतं. मग अंधारात, काट्यांत, पुन्हा रूप घेईपर्यंत आणखी दोन-तीन फटके. या बोळात वेगाने काही मिळत नाही, हे धरूनच शिरा.

शेवटी ‘स्पाइक ब्रेकर’ चिलखत मिळतं. ते घालून रॉयल चॅपेलमधल्या काट्यांच्या बोळात जायचं. काटे अंगाला लागताच तुटून पडतात, आणि पलीकडे चांदीची अंगठी. काम झालं की नेहमीचं चिलखत परत चढवा.

दुसरी, सोन्याची अंगठी अंडरग्राउंड कॅव्हर्न्समध्ये. तिथे एक सेव्हची खोली आहे जी सेव्हची खोली नाही. आत गेलं की ॲलुकार्ड स्वप्नात ओढला जातो आणि त्याची आई समोर येते. ती खरी आई नसते, सक्युबस, म्हणजे स्वप्नात येऊन भुलवणारी राक्षसी असते. तिला हरवलं की अंगठी.

खोटा शेवट

दोन्ही अंगठ्या दागिन्यांच्या दोन्ही जागी घालून मार्बल गॅलरीतल्या मोठ्या घड्याळाच्या खोलीत उभं राहायचं. जमीन उघडते, खाली किल्ल्याचं मध्य, तिथे रिक्टर नावाच्या शिकाऱ्याला शोधत किल्ल्यात आलेली मारिया भेटते आणि ‘होली ग्लासेस’ नावाचा चष्मा देते.

हा चष्मा का लागतो, ते बघा. कॅसल कीपच्या माथ्यावर रिक्टर बेलमाँट बसलेला आहे. मालिकेतला मागचा नायक, ज्याला तुम्ही अगदी सुरुवातीच्या प्रसंगात स्वतः खेळवलेलं असतं. त्याच्याशी नुसतं लढून त्याला मारलं तर गेम संपतो. श्रेयनावली येते. बरेच जण समाधानाने उठतात, आणि त्यांना पत्ताच नसतो की अर्धा गेम बघायचाच राहिला.

नीट करायचं असेल तर लढाईआधी चष्मा डोक्याच्या जागी चढवा. मग रिक्टरच्या आसपास तरंगणारा एक हिरवा गोळा दिसतो. वार गोळ्यावर करा, रिक्टरवर नाही. रिक्टर मध्ये मध्ये घुसतो, म्हणून लांब फिरणाऱ्या जड तलवारी इथे घात करतात : गोळ्यावर उगारलेला वार त्यालाही लागतो. छोट्या पल्ल्याचं शस्त्र घ्या, उडी मारून गोळ्याच्या उंचीवर वार करा आणि मागे सरा. प्लेस्टेशनवर त्रिकोणाच्या बटणाने ॲलुकार्ड झटक्यात मागे घसरतो. ते बटण हाताला बसलं नसेल तर बसवण्याची हीच जागा.

गोळा फुटला की रिक्टरला नाचवणारा शाफ्ट नावाचा काळ्या जादूचा पुजारी उघडा पडतो, आणि वर आकाशात दुसरा किल्ला दिसतो. तोच किल्ला, उलटा टांगलेला. छतं जमिनी झाली, जिने डोक्यावर आले, ज्या कठड्यावर कालपर्यंत उभे राहत होता तो आता वरून लोंबतोय. इथे वटवाघळाशिवाय पाऊल टाकता येत नाही. बनवणाऱ्यांनी नव्या खोल्या फारशा न रचता जवळजवळ दुप्पट खेळ काढला. काही कोपऱ्यांत ही काटकसर दिसते, पण एकूणात कल्पना फळली.

उलट्या किल्ल्यात पारडं आकड्यांच्या वहीकडे झुकतं. हालचाली बहुतेक सगळ्या तुमच्याकडे आहेत, आता शत्रू जड आहेत. व्लाडचे, म्हणजे ड्रॅक्युलाचेच, पाच अवशेष, हृदय, दात, बरगडी, अंगठी आणि डोळा, पाच बॉसकडून मिळवले की शेवटच्या लढाईचं दार उघडतं. गॅलमॉथ नावाचा महाकाय बॉस या वाटेवर आडवा येत नाही, पण त्याचा जीव १२,००० आहे. त्याच्याशी लढताना वीज पिणारा ‘बेरिल सर्कलेट’ डोक्यावर घातला तर त्याचे विजेचे फटके तुमचाच जीव भरतात. हा बॉस ज्यांना अशक्य वाटतो, त्यांच्यातले बहुतेक जण डोक्यावर काहीतरी वेगळंच घालून लढत असतात.

अडल्यावर काय बघायचं

वाट अडली तर कागद बघा आणि कोणती हालचाल नाही ते शोधा. शत्रू अडवत असेल तर आकडे बघा. त्याचे फटके फार लागत असतील तर चिलखत, झगा आणि ढाल बदला. तुमचे फटके लागत नसतील तर शस्त्राची जात बदला. दोन्ही ठीक असून मरत असाल तरच प्रश्न बोटांचा आहे : बॉस वार करण्याआधी कशी तयारी करतो ते दोन वेळा नुसतं बघा, मारू नका. यानंतरही जमत नसेल तर खुशाल दोन लेव्हल वाढवा. पण शेवटी.

वार जमत नसतील तर मंत्रांकडे वळा. ग्रंथपाल मंत्रांचे कागद विकतो, पण कागद म्हणजे फक्त बटणांचा क्रम. तो माहीत असेल तर कागद न घेताही मंत्र चालतो. ‘हेलफायर’साठी वर, खाली, तिरपं खाली-पुढे, पुढे, आणि वार. एमपी १५ लागतो.

आज हा गेम मिळवायला सोपा आहे. २०१८ मध्ये तो प्लेस्टेशन ४ वर आला आणि मार्च २०२० पासून अँड्रॉइड आणि आयफोनवर विकत मिळतो. पडद्यावरच्या बटणांनी चालणं-मारणं होतं, पण ‘हेलफायर’सारखी क्रमाची बटणं काचेवर अंगठ्याने दाबणं म्हणजे भिजलेल्या पाटीवर लिहिण्यासारखं. ब्लूटूथ कंट्रोलर जोडता येतो, असला तर जोडा.

नकाशाखाली टक्केवारी असते. ती १०० वर थांबत नाही, कारण किल्ले दोन आहेत, आणि पूर्ण भरली की आकडा २००.६ दिसतो. शेवटच्या लढाईला जाण्याआधी तो १९६ च्या वर गेलेला असेल, तर ॲलुकार्ड निघून जातो तेव्हा मारिया त्याच्या मागे जाते. नसेल तर तो एकटाच जातो.